प्रवेशपरीक्षेचे माप आणि माणदेशचा विद्यार्थी

सातारा जिल्ह्याच्या सरासरी पर्जन्यमानाचा आकडा हा सरकारी दफ्तरातील अत्यंत निरुपयोगी आकड्यांपैकी एक मानावा लागेल. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले असे लोक म्हणतात. दोहोंची सरासरी काढून जी संख्या हाती येते तेवढा पाऊस ना महाबळेश्वरास पडतो, ना दहिवडीस. पाण्याच्या बाबतीत ही गोष्ट राज्यकर्त्यांना उशिरा का होईना पटली आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजताना जिल्हा हे एकक धरले होते. २०२३ मध्ये दुष्काळ जाहीर करताना सरकारने प्रथम तालुके व नंतर महसूल मंडळे धरली. परंतु वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा प्रश्न निघाला की हा विवेक कोठे तरी हरवतो. माण सातारा जिल्ह्यात विरघळतो, सातारा पश्चिम महाराष्ट्रात आणि पश्चिम महाराष्ट्र ‘उर्वरित महाराष्ट्र’ नावाच्या एका विलक्षण प्रदेशात.

या प्रदेशाची कथा सांगण्याजोगी आहे. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांसाठी बरीच वर्षे ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग पाडून प्रत्येक विभागातील ७० टक्के जागा तेथील विद्यार्थ्यांना व ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या ठेवल्या जात. मागासलेल्या भागाला संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात मराठवाड्यातूनच या सूत्राविरुद्ध ओरड झाली. लातूरच्या शिकवणी-परंपरेतून तयार झालेले विद्यार्थी गुणांत मागे नव्हते, आणि त्यांच्या विभागात महाविद्यालये कमी असल्यामुळे अधिक गुण असूनही त्यांची संधी हुकत होती. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. त्या वादात दोन्ही बाजूंनी बरेच काही बोलले गेले. परंतु माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यातील मुलाला मुंबई-पुण्याच्या मुलासह एकाच विभागात बसविण्याचे कारण काय, हा प्रश्न त्या वादात कोठे ऐकू आला नाही. ज्याला संरक्षण म्हणत होते तेही त्याच्यासाठी नव्हते, आणि ज्याला खुली स्पर्धा म्हणतात तीत तो कितपत उतरू शकतो हे कोणी तपासलेले नाही.

तपासण्याजोगे काय आहे, असे येथे कोणी विचारील. प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, उत्तरे तपासणारे यंत्र एक. मग अन्याय कसला? ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की प्रवेशाच्या न्यायाविषयीची आपली सारी चर्चा पेपरफुटी आणि कॉपी यांच्यापुढे जातच नाही. २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेत ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले, १५६३ जणांना वाया गेलेल्या वेळेपोटी दिलेले वाढीव गुण काढून घ्यावे लागले, पाटणा व हजारीबाग येथील पेपरफुटी सर्वोच्च न्यायालयापुढे सिद्ध झाली, आणि देशभर संताप उसळला. तो योग्यच होता. २७ एप्रिल २०२५ रोजी राज्याच्या सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले व सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले, तेव्हाही असाच गदारोळ झाला. पण समजा, उद्या एकही पेपर फुटला नाही व एकही पर्याय चुकला नाही. तेवढ्याने ती परीक्षा न्याय्य ठरेल काय?

शिक्षणशास्त्रात या ठिकाणी तीन निरनिराळ्या गोष्टींचा विचार करतात, आणि त्यांची गल्लत हेच आपल्या वादाचे मूळ आहे. पहिली विश्वसनीयता: तोच विद्यार्थी तशाच परीक्षेला पुन्हा बसला तर त्याला साधारण तेवढेच गुण पडतील काय? दुसरी सप्रमाणता: जे मोजायचे म्हणून परीक्षा घेतली तेच तिने मोजले काय? प्रवेशपरीक्षेपुरता याचा अर्थ असा की, जास्त गुण मिळविणारा पुढे त्या अभ्यासक्रमात खरोखर सरस ठरतो काय? आणि तिसरी न्याय्यता: हे भाकीत सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत सारखेच खरे ठरते काय? काटा रोज तेच वजन दाखवीत असेल तर तो विश्वसनीय झाला. पण तो धान्याबरोबर पोत्याचेही वजन धरतो की काय, आणि ओल्या पोत्याचे अधिक धरतो की काय, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेत ही तिसरी कसोटी १९६८ मध्ये ॲन क्लिअरी या संशोधिकेने नेमक्या शब्दांत मांडली. दोन गटांतील विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असताना एका गटातील विद्यार्थी महाविद्यालयात सातत्याने अधिक यश मिळवीत असतील, तर ती परीक्षा त्या गटाला कमी लेखते, असे समजावे. ही व्याख्या इतकी सरळ आहे की दहिवडीच्या बाजारात उभे राहून कोणालाही समजावून सांगता येईल. माणच्या मुलाला सीईटीत ८५ पर्सेंटाइल व पुण्याच्या मुलालाही ८५. पुढे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी माणचा मुलगा पुढे असेल, आणि असे एका-दोघांचे नव्हे तर शेकड्यांचे होत असेल, तर त्याचे ८५ हे प्रत्यक्षात ८५ नव्हते.

परंतु येथे उत्साहाला थोडा आवर घालणे भाग आहे. अमेरिकेतील अभ्यासांचे निष्कर्ष सुधारकांच्या अपेक्षेप्रमाणे आलेले नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत परीक्षेचे भाकीत बहुधा त्यांना कमी लेखणारे नव्हे, तर किंचित जास्त लेखणारे ठरले; म्हणजे त्यांचे महाविद्यालयीन गुण भाकितापेक्षा थोडे कमीच आले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र परीक्षा कमी लेखते असे वारंवार दिसून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी नेमलेल्या अभ्यासगटाने २०२० च्या आरंभी असा अहवाल दिला की, पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज बांधण्यास प्रवेशपरीक्षेचे गुण शालेय गुणांइतकेच किंवा त्यांहून अधिक उपयोगी आहेत, आणि वंचित गटांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ते विशेष उपयोगी आहेत. विद्यापीठाच्या नियामकांनी काही महिन्यांतच परीक्षेची अट काढून टाकण्याचे ठरविले, हा भाग निराळा. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविज्ञान संस्थेने २०२२ मध्ये आणि डार्टमथ महाविद्यालयाने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तेव्हा परीक्षेवाचून गरीब घरांतील गुणी मुले ओळखणे कठीण होते, हेच कारण दोन्ही संस्थांनी पुढे केले.

इंग्लंडमधील एक दाखला याहून जुना आणि याहून बोलका आहे. अकराव्या वर्षी मुलांची निवड करणाऱ्या तेथील परीक्षेतून हर्टफर्डशायर परगण्याने बुद्धिमापन चाचणी वगळली. या चाचण्यांवर पुरोगामी मंडळींचा रोष होता, आणि त्यांचे थोर पुरस्कर्ते सिरिल बर्ट यांच्या आकडेवारीविषयी त्यांच्या मृत्यूनंतर जे बाहेर आले ते पाहता तो अगदीच अनाठायी होता असेही नाही. परंतु जीन फ्लाउड आणि ए. एच. हॅल्सी या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की, चाचणी काढल्यावर निवड झालेल्यांत कामगारांच्या मुलांचे प्रमाण वाढले नाही, घटले. चाचणीची जागा शिक्षकांच्या मताने आणि निबंधाच्या भाषेने घेतली, आणि त्या दोन्ही गोष्टी मध्यमवर्गाच्या बाजूच्या होत्या.

हे सारे माणदेशापासून फार दूरचे वाटेल. पण आपल्याकडेही पर्याय म्हणून जे पुढे येते ते काय आहे? बारावीचे गुण. विज्ञान शाखेत प्रत्येक विषयाच्या शंभरापैकी सुमारे तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते महाविद्यालयाच्या हाती असतात. लेखी परीक्षेत काही केंद्रांवर काय चालते हे मंडळालाच दरवर्षी कॉपीमुक्तीची मोहीम काढून सांगावे लागते. मंडळामंडळांतील गुणांचा मेळ घालण्याचे प्रयोगही आपण करून पाहिले आहेत: अकरावी प्रवेशासाठी २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना देऊ केल्या, तेही रद्द झाले, २०१० मध्ये पाच उत्तम विषयांचे गुण धरण्याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन एकदाचे टिकले. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी केवळ राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर सीईटी जाहीर झाली आणि १० ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. अभियांत्रिकीला २०१४ व २०१५ या दोन वर्षी देशपातळीवरील परीक्षा आणि बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरून पाहिले. २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली व बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले. इतक्या उलथापालथीत एका गोष्टीला मात्र कोणी हात लावला नाही. यांपैकी कोणत्या पद्धतीने निवडलेले विद्यार्थी पुढे कसे निघाले, हे मोजून लोकांपुढे ठेवावे असे कोणत्याही सरकारला वाटले नाही.

परीक्षेची बाजू घेणारे आणि तिचे विरोधक, दोघेही म्हणूनच अनुमानधपक्याने बोलतात. सीईटीतील गुण आणि पुढील यश यांचा फारसा मेळ दिसत नाही, असे महाविद्यालयातील प्राध्यापक पुष्कळदा सांगतात. त्यांचे निरीक्षण खोटे नसते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो. खरसुंडीच्या यात्रेत एखाद्याने ठरावीक उंचीवरचेच खिलार बैल निवडून घेतले, तर घेतलेल्या बैलांत कोणता अधिक ओढतो याचा उंचीशी फारसा संबंध त्याला दिसणार नाही. याचा अर्थ उंची निरर्थक होती असा नव्हे. बुटके बैल त्याच्या दावणीला आलेच नाहीत एवढाच. एकाच महाविद्यालयात साधारण एकाच पट्ट्यातील गुणांची मुले येतात, त्यामुळे तेथे गुणांचा प्रभाव पुसट होणारच. ही दुरुस्ती करून हिशेब मांडण्याच्या रीती संख्याशास्त्रात केव्हाच सिद्ध झालेल्या आहेत. उणीव आहे ती हिशेब मांडणाऱ्याची.

भाषेचा प्रश्न तर याहून निकडीचा. २०१८ च्या ‘नीट’मध्ये तमिळ पत्रिकेतील ४९ प्रश्नांचे भाषांतर सदोष असल्याचा वाद मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेला, आणि प्रत्येक प्रश्नाला चार या हिशेबाने १९६ गुण देण्याचा आदेश खंडपीठाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे फिरविला, आणि तसे करणे अपरिहार्यही होते, कारण ७२० पैकी १९६ गुण सरसकट वाटणे म्हणजे गुणवत्ता यादीच मोडीत काढणे. पण मूळ प्रश्न त्यामुळे मिटला नाही. भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानावा, असा या परीक्षेचा नियम आहे. म्हणजे मराठीतून परीक्षा देणाऱ्या मुलाने मराठी प्रश्न नीट समजून बरोबर उत्तर दिले, तरी इंग्रजी प्रश्नाच्या हिशेबाने ते चूक ठरू शकते. मातृभाषेची सोय देऊन तिची जोखीम मात्र विद्यार्थ्याच्या पदरात टाकण्याचा हा प्रकार आहे. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राला मराठी व उर्दूचा पर्याय देऊन गणिताची पत्रिका इंग्रजीतच काढण्याचा प्रघात राहिला आहे. जत तालुक्यात तर कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील मुलाला त्या पत्रिकेत आपली भाषा दिसतच नाही.

एखादा प्रश्न विशिष्ट गटाला विनाकारण अवघड जातो काय, हे ओळखण्याची पद्धतही उपलब्ध आहे. एकूण गुण सारखे असलेल्या दोन गटांतील विद्यार्थी घ्यायचे आणि एकेका प्रश्नावर त्यांची तुलना करायची. एकूण कुवत सारखी असताना इंग्रजी पत्रिकेच्या मुलांना जो प्रश्न सहज सुटतो तोच मराठी पत्रिकेच्या मुलांना सुटत नसेल, तर दोष बहुधा प्रश्नात असतो. पॉल हॉलंड आणि डोरोथी थेअर यांनी १९८८ मध्ये यासाठी मांडलेली रीत अमेरिकेतील परीक्षासंस्था नित्य वापरतात व सदोष प्रश्न गाळतात. आपल्याकडे आक्षेप घ्यावयाचा तो विद्यार्थ्याने, शुल्क भरून, ठरावीक दिवसांच्या आत.

तथापि सर्व प्रश्न निर्दोष झाले तरी एक पेच उरतोच, आणि तो सर्वांत कठीण आहे. माध्यमिक शाळेपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत जातो. सीईटीत तो अडखळतो. पुढे प्रवेश मिळाला तर महाविद्यालयाचे पहिले वर्षही इंग्रजीत असते आणि तो तेथेही अडखळतो. संख्याशास्त्रज्ञ म्हणेल, परीक्षेचे भाकीत खरे ठरले. परीक्षा सप्रमाण आहे. वास्तविक परीक्षेने त्याची भौतिकशास्त्राची समज मोजली नाही, इंग्रजीची अडचण मोजली, आणि महाविद्यालयाने तीच अडचण कायम ठेवून परीक्षेला खरे ठरविले. म्हणूनच सॅम्युएल मेसिक यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८९ मध्येच असा आग्रह धरला होता की, परीक्षेची सप्रमाणता तपासताना तिच्या वापराचे सामाजिक परिणामही हिशेबात घ्यावेत. केवळ पहिल्या वर्षाचे नव्हे, तर शेवटच्या वर्षाचे गुण पाहणे यासाठीच आवश्यक आहे. भाषेची अडचण ओसरल्यावर जो वर येतो त्याला परीक्षेने कमी लेखले होते.

तमिळनाडूने निदान पाहण्याचे कष्ट घेतले. न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात असे दिसते की, ‘नीट’पूर्वी राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते, ते नंतर दोन-तीन टक्क्यांवर आले, आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा परीक्षा देऊन प्रवेश मिळविणाऱ्यांचे प्रमाण २०२०-२१ पर्यंत सत्तर टक्क्यांच्या वर गेले. यावरून परीक्षा टाकाऊ आहे असे तर्काने सिद्ध होत नाही. वगळली गेलेली मुले डॉक्टर म्हणून कशी निघाली असती हे त्या आकड्यांत नाही. पण दुसरा आकडा मात्र थेट बोलतो. जिथे बहुसंख्य जागा एक वर्ष थांबून पुन्हा बसणारे मिळवितात, तिथे गुणपत्रिकेत बुद्धीबरोबर थांबण्याची ऐपतही मोजली जाते.

ही ऐपत माणमध्ये कोणाकडे आहे? टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी या पट्ट्यात काही ठिकाणी पोहोचले आणि तेथील चित्र बदलते आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्या घरातील माणसे अजूनही ऊसतोडीला जातात, ज्यांनी २०१८-१९ चा उन्हाळा जनावरांसह चारा छावणीत काढला, त्यांनी मुलाला लातुरास किंवा पुण्यास दोन वर्षे ठेवायचे, वसतिगृह आणि शिकवणी यांचे लाखाचे हिशेब भागवायचे, आणि गुण कमी पडले तर तिसरे वर्ष थांबायचे, हे संभवत नाही. मुलीच्या बाबतीत तर खर्चाचा प्रश्न येण्याआधीच उत्तर ठरलेले असते. बारावीच्या निकालात मुली दरवर्षी मुलांच्या पुढे असतात. तरी परगावी शिकवणीला धाडण्याची वेळ आली की घराघरांतून पुढे जातो तो मुलगा. अमेरिकेतील अभ्यासांत परीक्षा ज्यांना कमी लेखते असे दिसले त्या स्त्रियाच होत, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

माण तालुका अधिकाऱ्यांची खाण म्हणून ओळखला जातो. दुष्काळी गावांतून निघालेले प्रशासकीय व पोलीस अधिकारी हा तेथील लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. हाच अभिमान पुढे करून काही जण म्हणतात की, जिद्द असेल तर परीक्षा आडवी येत नाही. पण त्या परीक्षा कोणत्या, हे पाहिले पाहिजे. कोठारी समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर, १९७९ पासून, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची बहुतेक उत्तरे मराठीतून लिहिता येतात. राज्य आयोगाचीही तशी मुभा आहे. त्या परीक्षा पदवीनंतरच्या, अनेक वेळा देता येणाऱ्या आणि पुस्तके गोळा करून अभ्यासिकेत बसून तयारी करण्याजोग्या आहेत. भाषेची आडकाठी नाही आणि सतराव्या वर्षीच सारा निकाल लागत नाही, अशी परीक्षा मिळाली की हाच तालुका पुढे येतो, असा त्याचा अर्थ घेणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्या वाटेवर किती तरुणांची उमेदीची वर्षे निघून गेली, तो हिशेब वेगळाच आहे.

मग करावे काय? परीक्षा मोडीत काढणे हे उत्तर नव्हे. हर्टफर्डशायरचा अनुभव त्याविरुद्ध आहे. गुण तेच ठेवून त्यांचे वाचन बदलणे शक्य आहे, आणि याचा नमुना शोधायला परदेशी जाण्याचेही कारण नाही. १९८५-८६ मध्ये झज्जर आणि अमरावती येथे सुरू झालेल्या नवोदय विद्यालयांची प्रवेशपरीक्षा ही सक्त स्पर्धापरीक्षाच आहे. परंतु तीत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, त्यांचे वाटप तालुकावार होते, एक तृतीयांश जागा मुलींना मिळतात आणि परीक्षा मुलाच्या शाळेच्या भाषेत असते. साताऱ्यातील खावलीच्या आणि सांगली जिल्ह्यातील पलूसच्या विद्यालयात त्यामुळे माणचा किंवा जतचा मुलगा त्याच्याच तालुक्यातील मुलांशी तुलना होऊन जातो. दहा वर्षांच्या मुलाला आपण लावतो तो न्याय सतरा वर्षांच्या मुलाला का लावीत नाही, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

इतरत्रही असे प्रयोग झाले आहेत. टेक्सास राज्याने १९९७ मध्ये प्रत्येक माध्यमिक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांची दारे कायद्याने उघडली. कॅलिफोर्नियाने २००१ पासून प्रत्येक शाळेतील वरच्या चार टक्क्यांना तशीच हमी दिली आणि पुढे ती नऊ टक्क्यांवर नेली. तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना, ‘नीट’चे गुण कायम ठेवूनच, वैद्यकीय प्रवेशांत ७.५ टक्के जागा राखून दिल्या. महाराष्ट्रात सामाजिक आरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. परंतु एकाच प्रवर्गातील पुण्याचा आणि वरकुटे-मलवडीचा मुलगा यांच्यातील अंतर त्याने मोजले जात नाही. राज्यातील सरकारी महाविद्यालयांच्या थोड्या जागा, आरक्षणाच्या आतच, विद्यार्थ्याचे गुण त्याच्या तालुक्यातील इतरांच्या तुलनेत पाहून भरल्या, तर काय होते हे पाच वर्षे पाहावे. पुण्यातील मंडळी दहिवडीला घर भाड्याने घेतील, असा आक्षेप येईल. त्याची तजवीज नवोदयाच्या नियमांत आहे: तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत काढलेली असावी लागतात. येथे दहावीपर्यंतचे शिक्षण त्याच तालुक्यात झालेले असावे, अशी अट घालता येईल. आजवर डॉक्टरी व्हावी म्हणून मुलाला पहिलीपासून म्हसवडला ठेवणारे पुणेकर कोणाच्या पाहण्यात नाहीत. पुढे निघाले, तर म्हसवडच्या शाळांचे भाग्यच उजळेल.

परंतु त्याही आधीचे काम पडताळणीचे आहे. सत्रासत्रांतील गुण एका पातळीवर आणण्यासाठी सीईटीत पर्सेंटाइल काढतात, ते प्रत्येक सत्रात सारख्याच कुवतीचे विद्यार्थी बसले असे गृहीत धरून. हे गृहीत कितपत टिकते, मराठी पत्रिका घेणाऱ्यांना कोणते प्रश्न आडवे गेले, तालुक्यागणिक आणि मुलगा-मुलगीगणिक सीईटीचे भाकीत किती खरे ठरले, पहिल्यांदा बसलेला आणि तिसऱ्यांदा बसलेला यांच्या सारख्याच गुणांचे पुढे काय झाले, या चार प्रश्नांची उत्तरे देण्यास लागणारी माहिती सरकारच्या घरातच आहे. बारावीचे गुण राज्य मंडळाकडे आहेत, सीईटीचे परीक्षा कक्षाकडे, अभियांत्रिकीचे शिवाजी विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्याकडे, वैद्यकीयचे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. २०१६ च्या सीईटीतून अभियांत्रिकीला गेलेली तुकडी २०२० मध्ये पदवी घेऊन बाहेरही पडली. नावे वगळून या नोंदी जोडायच्या, आणि त्या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांच्या हाती द्यायच्या. व्यावसायिक प्रवेशांचे नियमन करणारे प्राधिकरण राज्याने २०१५ च्या कायद्याने स्थापन केलेले आहे. असा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपविता येईल, आणि पहिल्या अहवालात माण, आटपाडी आणि जत यांची पाने स्वतंत्र असावीत.